धरणाचा पायथा ओला असतो

धरण गळतं का हो, हा प्रश्न मला सेलूच्या कापड दुकानात विचारला गेलाय, जिंतूरच्या एसटीत विचारला गेलाय, आणि एकदा पुतणीच्या हळदीत, दोन्ही हात हळदीने माखलेले असताना, नवरदेवाच्या मामांनी विचारलाय. मी धरणांवर काम करते हे कळलं की माणसांना दुसरं काही सुचतच नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे. मातीचं असेल तर पाझरतं, आणि पाझरलंच पाहिजे. भरलेल्या तलावाखाली ज्या मातीच्या धरणाचा पायथा कोरडा ठणठणीत दिसतो, त्याच्या खालच्या गावात मी मुक्कामाला राहणार नाही.

मामांना हे उत्तर आवडलं नाही. कुणालाच आवडत नाही. सरकारी बाई धरण पाझरतं म्हणते आणि वर त्याची बाजूही घेते, हे लोकांना विचित्र वाटतं. वाटू दे. या उत्तरापायी माझी बदली झाली तरी मी ते बदललं नाही, तर हळदीत कशाला बदलू?

मी शाखा अभियंता आहे. माहेर ताडकळस, नोकरी सगळी याच जिल्ह्यात. धरण बांधणारे वेगळे असतात, त्यांच्या नावाची पाटी लागते. आमचं काम बांधून झालेल्या धरणाची तब्येत बघण्याचं. त्याची पाटी नसते. काही बिघडलं नाही की लोक म्हणतात, या बाईला काम काय आहे. बिघडलं की म्हणतात, ही बाई काय करत होती.

तेव्हा आधी धरणाच्या पोटात काय असतं ते सांगते, म्हणजे पुढचं भांडण समजेल. आमच्याकडची बहुतेक धरणं मातीची. मधोमध चिकण काळ्या मातीची भिंत असते, तो गाभा. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचा भराव. गाभ्याच्या मागे वाळूचा थर असतो, तो खाली पायथ्यापर्यंत येतो. पायथ्याला दगडांची रास आणि तिच्यापुढे चारी. तलावातलं थोडं पाणी गाभ्यातून झिरपतंच. माती आहे, काच नाही. ते वाळूत उतरतं, वाळू मातीचे कण अडवून धरते, आणि निवळलेलं पाणी दगडांमधून चारीत येतं. हा पाझर. त्याच्यासाठी ही वाट मुद्दाम ठेवलेली असते.

गळती वेगळी. गळतीत पाणी स्वतःची वाट काढतं आणि जाताना धरणाची माती घेऊन जातं. भोक आधी करंगळीएवढं असतं. ते किती लवकर मोठं होतं हे बघायला माणसं सहसा जागेवर थांबत नाहीत. बाहेरून मात्र दोन्ही प्रकारांत ओलंच दिसतं, म्हणून गावात दोन्हीला एकच शब्द आहे: धरण गळायलंय.

फरक ओळखायची साधनं फार जड नाहीत. चारीत एक लोखंडी पत्रा उभा केलेला असतो, त्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. खाचेतून पाणी किती उंचीने वाहतं त्यावरून पाझर मोजता येतो. धरणाच्या उतारावर उभ्या नळ्या पुरलेल्या असतात. त्यांत फीत सोडायची, फितीचं टोक पाण्याला टेकलं की घंटी वाजते. धरणाच्या पोटात पाणी कुठवर चढलंय ते कळतं. आणि एक काचेचा ग्लास. चारीतलं पाणी ग्लासात घ्यायचं आणि उजेडाकडे धरायचं. निवळ असेल तर ठीक. गढूळ असेल तर मोबाइल काढायचा आणि धावायचं.

पाणी कुठून शिरतं हे शोधायचं असेल तर मात्र जरा खटाटोप करावा लागतो. एकदा आम्ही तलावात पोपटी रंग सोडला होता. तो निरुपद्रवी असतो, आणि ज्या वाटेने पाणी जातं त्या वाटेने जाऊन आपली हजेरी देतो. दुसऱ्याच आठवड्यात खालच्या अंगाचा एक शेतकरी स्टीलच्या कळशीत पोपटी पाणी घेऊन मोटारसायकलवरून थेट माझ्या टेबलापाशी आला.

"मॅडम, ह्ये आमच्या हिरीत निघायलंय. काय हाय ह्ये?"

मी सांगितलं, तपासणीचा रंग आहे, अपाय नाही.

"मंग प्या."

मी ग्लास घेतला, भरला आणि प्याले. तो माझ्याकडे बघत उभा राहिला. बहुतेक मी पडते का ते बघत होता. मग म्हणाला, "आमाला पटलं ओ मॅडम. म्हशीला कोन सांगावं? ती तोंड लावंना." म्हशीचं समाधान होईपर्यंत त्याच्या गोठ्यात टँकरचं पाणी द्यावं लागलं. पण पाणी कुठून शिरतं ते सापडलं.

दुसरी तऱ्हा विजेची. जमिनीत ओळीने लोखंडी खुंट्या ठोकून त्यांतून थोडी वीज सोडतात. ओली जमीन वीज सहज जाऊ देते, कोरडा खडक अडवतो. त्यावरून पोटातली ओल कागदावर काढता येते. आमच्याकडे तळहातावर नारळ ठेवून शेतात पाणी शोधत फिरणारे पाणाडे अजूनही चालतात, त्यामुळे हे यंत्र म्हणजे महागाचा नारळ असाच समज. एक गृहस्थ दिवसभर आमच्याबरोबर तारांची वेटोळी धरून फिरले, दुपारी धपाटे आणि दही खाऊ घातलं, आणि सामान आवरताना हळूच म्हणाले, "आता आमच्या रानात चार खुट्ट्या ठोका की. बोअरचा पॉइंट तेवढा दाखवा." मी नाही म्हटलं. ते फार दुखावले. "सरकारी नारळ काय कामाचा मंग!" म्हणाले. धपाटे मात्र परत मागितले नाहीत.

आता मूळ गोष्ट. धरण जिंतूर तालुक्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याच्या खाली ओढ्याच्या काठाने एक वस्ती आहे. बौद्ध घरं, बहुतेक शेतमजुरीची, दोन मास्तर, एक पोलीस. वस्तीच्या वर टेकाडावर शाळा. धरणावर माझ्या हाताखाली चौकीदार गफूरभाई, एवढाच माझा फौजफाटा.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि तलाव काठोकाठ भरला. तलाव चढला की पाझर वाढतो, तसा तो वाढला. चारी वाहायला लागली. कुणीतरी तिचा फोटो काढून मोबाइलवर फिरवला: "धरणाला गळती, वस्तीला धोका". फोटो चांगला होता. उन्हात पाणी चकाकत होतं.

साहेबांनी, म्हणजे माझ्या वरच्या अभियंत्यांनी, लगेच बोलावलं. मी सगळे आकडे सांगितले. पाणी निवळ आहे, नळ्यांतली पातळी जागच्या जागी आहे, धरण जसं वागायला हवं तसं वागतंय.

"मॅडम, तुमचं बरोबर असेल," साहेब म्हणाले, "पण फोटोत ओलं दिसतं."

"ओलंच आहे, साहेब."

"जलपूजनाला मोठे पाहुणे येणार आहेत. त्यांना पाझर आणि गळती यांतला फरक कोण समजावणार?"

"मी समजावते."

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला धरणापेक्षा फोटोची भीती जास्त होती.

धरणावर परत आले तर वस्ती चारीपाशी जमलेली. पुढे गयाबाई. अंगणवाडीत मदतनीस, बचत गटाच्या अध्यक्ष, आणि बोलायला लागल्या की समोरच्याने आधी खाली बसून घ्यावं अशा. त्यांच्याबरोबर पायथ्याला लागून शेत असलेले बालासाहेब. पाझरामुळे त्यांच्या बांधाकडेचं रान चिबडायचं, म्हणून त्यांनाही गळती बंद हवी होती. एरवी वस्ती आणि बालासाहेब एका बाजूला उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते.

"मॅडम, किती दिस झालं सांगायलोत, धरन गळायलंय," गयाबाई म्हणाल्या. "तुमी नुसत्या नळीत फीत सोडून जाताव."

मी ग्लासात पाणी घेऊन दाखवलं. पाझर, वाळू, निवळ पाणी, सगळं सांगितलं.

"मॅडम, तुमी परभनीला झोपता," त्या म्हणाल्या. "आमी हितं झोपतो."

मी त्या दिवसापासून रोज धरणावर जायला लागले. माणसांना भीती वाटते तेव्हा आकडे सांगून उपयोग होत नाही, निदान तोंड दाखवावं.

जलपूजन तोंडावर आलं होतं. मला परभणीला बैठकीला बोलावलं, आणि बैठक अशी लांबली की त्या दिवशी धरणावर जाणं झालंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर पायथा ओळखू येईना. दगडांच्या राशीच्या फटी वॉटरप्रूफ सिमेंटने भरलेल्या, चारीचं तोंड बुजवलेलं, वरून गुळगुळीत गिलावा आणि त्यावर चुना. कडेने गेरूची पट्टीसुद्धा ओढली होती. चारी कोरडी.

गफूरभाई छत्री टेकून उभे होते. "मॅडम, कल धरन की शादी है," म्हणाले. "पार्लरवाले आके मेकअप करके गए."

"तुम्ही अडवलं नाही?"

"साब खुद खडे थे. मैं बोला, मॅडम को आने दो. साब बोले, मॅडम को सरप्राइज है."

इथे बाहेरच्या माणसाला वाटेल, बाई उगाच चिडली. गळती बंद केली, काय वाईट केलं? वाईट हे केलं की पाणी आत येणं थांबलेलं नव्हतं, बाहेर जाणं थांबलं होतं. धरण जलरोधक करायचं असेल तर ते पाण्याच्या अंगाने करतात. तिकडून चिकण मातीचा थर देतात, जाड प्लास्टिकचा पडदा अंथरतात, खडकात भोकं घेऊन सिमेंटचं पातळ दूध दाबाने भरतात. ते कष्टाचं, महागाचं काम आहे आणि त्याचा फोटो चांगला येत नाही. मागच्या अंगाने लिंपणं सोपं. पण मग पाझर जातो कुठे? धरणाच्या पोटात साठतो. मुरूम भिजतो, जड होतो, उतार घसरतो. उतार घसरला की माथा खचतो. माथा खचला की तलाव वरून चालायला लागतो.

मी फीत काढली. पहिल्याच नळीत घंटी नेहमीपेक्षा फार आधी वाजली.

"मॅडम, घंटी जल्दी बज री," गफूरभाई म्हणाले. आता ते चेष्टा करत नव्हते.

उतारावरून चालत गेले. पायथ्यापासून बरंच वर, जिथे कधी ओल नसते तिथे, माती काळपट दिसत होती. हात लावला तर गार. टाच दाबली, टाच आत गेली. मी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि सांगितलं, गिलावा आत्ता फोडायला हवा आणि कालव्याचा दरवाजा उघडून तलाव उतरवायला हवा.

"उद्या जलपूजन आहे, मॅडम. तलाव उतरलेला दाखवायचा? कार्यक्रम होऊ द्या, मग फोडू."

"उतार तोवर थांबेल याची खात्री तुम्ही देता का?"

"तुम्ही लेखी द्या."

मी उतारावर उभी राहून मोबाइलवर चार ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. मग मी गफूरभाईंना कालव्याचा दरवाजा उघडायला सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "किसका ऑर्डर बोलूं?" माझा, म्हटलं. पण दरवाजातून तलाव सावकाश उतरतो. पोटातलं पाणी काढायचं तर गिलावा फोडणंच भाग होतं, आणि त्याला हात हवे होते. हात वस्तीत होते.

वस्तीत गयाबाई खुशीत होत्या. चहा ठेवला. "बगा मॅडम, तुमी न्हाई केलं, सायबानं एका दिसात केलं. राती पोरं निवांत झोपली."

"गयाबाई, ते फोडायला माणसं द्या."

त्यांनी स्टोव्ह बंद केला. "काय बोलायलाव तुमी?"

मी समजावायला लागले. माझ्याकडे यासाठी एक हुकमी उदाहरण होतं, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत केलेलं. "माळवद गळायला लागलं तर तुम्ही खालून लिंपता की वर चढून माती टाकता?"

"आमचं माळवद कवाच गेलं," गयाबाई म्हणाल्या. "आता पत्रे हायेत."

बाजूच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "पत्र्याला खालूनच डांबर लावतेत की वो मॅडम." हुकमी उदाहरण संपलं. मी म्हटलं, चला, नुसतं बघायला चला. नाही पटलं तर मी एकटी फोडते.

त्या आल्या. मी फीत गयाबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती नळीत सोडली, घंटी वाजली, फितीवर बोट धरलं. मी परवापर्यंतची खूण दाखवली. मग त्यांना घेऊन उतारावर गेले आणि चपला काढून उभं राहायला सांगितलं. त्यांचा पाय चिखलात रुतला. त्यांनी दुसरा पाय पुढे टाकला, तोही रुतला.

"म्हंजी बाहीर येनारं पानी आत तुंबलंय," त्या म्हणाल्या.

"तेच."

"आमच्या ह्यांची लघवी तुंबली व्हती दिवाळीत." त्या मागे वळून बायकांना सांगायला लागल्या, "पोट असं टनक. मानूस गुरावानी वरडायला. डागदरनं नळी घातली तवा सुटला. आन ह्या शान्यांनी धरनाची नळीच बुजवली!"

माझ्या सगळ्या नोकरीत मला धरणाच्या निचऱ्याची याहून नेमकी व्याख्या कुणी सांगितलेली नाही. मी ती नंतर एका प्रशिक्षण वर्गात वापरली. तिथल्या अधिकाऱ्यांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

फोडण्याआधी मी एक गोष्ट ठरवून घेतली. म्हातारी माणसं, लेकरं आणि जनावरं आधी टेकाडावरच्या शाळेत. पाणी गढूळ आलं आणि गढूळच राहिलं तर आम्हीही सगळं टाकून वर पळायचं. "आन निवळ आलं तर?" एका बाईने विचारलं. "तर उतारावर वाळू वाहून न्यायची." पावसाळ्याआधी धरणावर वाळू, खडी आणि रिकामी पोती ठेवायची असतात. मी दरवर्षी ठेवते आणि दरवर्षी वाळू हळूहळू नाहीशी होते. त्या वर्षी गावात कुणाचं बांधकाम निघालं नव्हतं, म्हणून शिल्लक होती.

सब्बल, कुदळी घेऊन आम्ही पायथ्याशी आलो तर बालासाहेब मोटारसायकल आडवी लावून उभे.

"मॅडम, सरकारी मालमत्ता फोडायलाव तुमी? केस होईल."

"माझ्या ताब्यातली आहे. मीच फोडते. माझ्यावरच होऊ द्या."

"आमचं रान कालच कोरडं झालंय."

"धरण फुटलं तर रानच राहणार नाही."

"तुमी बायामानसं उगं भिताव."

गयाबाई पुढे झाल्या. "बालासाहेब, तुमचा वाडा कुठं हाय? त्या अंगाला, उंचावर. आमचं घर कुठं हाय? हितं. मंग आमाला भ्यायचा हक्क हाय का न्हाई? गाडी काढा, न्हाईतर गाडीसगट फोडतो."

त्यांनी गाडी काढली. गेले मात्र नाहीत. बांधावर बसून मोबाइलवर चित्रण करत राहिले. तेच चित्रण पुढे माझ्या चौकशीत लावलं गेलं, आणि त्यात मी सब्बल कशी चुकीची धरली आहे तेही स्पष्ट दिसतं.

वॉटरप्रूफ सिमेंट चांगल्या दर्जाचं होतं, हे मी मान्य करते. सरकारी कामात इतकं चांगलं सिमेंट मी क्वचित पाहिलं. पहिला तुकडा निघाला तेव्हा आतून पाणी असं आलं की पुढची बाई मागच्या मागे धपकन बसली. पाणी राखाडी होतं, गढूळ. सगळ्यांनी हात थांबवले आणि माझ्याकडे बघितलं.

मी ग्लास धरला. गढूळ. ओतून पुन्हा धरला. गढूळच. राखाडी रंग सिमेंटच्या चुऱ्याचा असणार हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं, आणि वस्तीतल्या बायकांना धरणाच्या पायाशी उभं करून वाट बघणं वेगळं. मी त्यांना शाळेकडे सरकायला सांगितलं. कुणी सरकलं नाही. गयाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमी बगा तुमचा गिलास. आमी हाव."

पाणी हळूहळू निवळलं. आधी राखाडीचं दुधट झालं, मग ग्लासातून पलीकडचं बोट दिसायला लागलं, मग बोटाची नखं. मातीचा कण नव्हता. वाळूचा थर आत शाबूत होता, नुसती त्याची वाट मोकळी व्हायला हवी होती. आम्ही उरलेला गिलावा फोडला. वर उतारावर जिथे माती मऊ झाली होती तिथे आधी वाळू, मग बारीक खडी, मग दगड असे थर टाकले, म्हणजे पाणी बाहेर येईल आणि माती आत राहील. डोक्यावर पोती वाहून माझी मान पुढे आठवडाभर वळत नव्हती. दुपारनंतर फीत सोडली. घंटी उशिरा वाजली. गफूरभाईंनी दुसऱ्यांदा सोडून खात्री केली आणि म्हणाले, "उतर रा, मॅडम." मग त्यांनी खाली बसून बिडी शिलगावली.

दुसऱ्या दिवशी जलपूजन झालं. तलाव थोडा उतरलेला होता, पण नारळ तरंगायला पुरेसं पाणी होतं. खण, साडी सोडली. पाहुणे खाली चारीकडे बघून म्हणाले, "हे पाणी कसलं?" साहेबांनी तोंड उघडलं त्याआधी मी म्हटलं, "धरणाची तब्येत बरी असल्याची खूण आहे." मला पुढे बरंच सांगायचं होतं, मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. पाहुणे "बरं, बरं" म्हणाले आणि गाडीत बसले.

नोटीस आली. आमच्या कागदांत कुणी काही करत नाही. सगळं 'करण्यात येतं'. पायथ्याला 'गिलावा करण्यात आला'. नंतर तज्ज्ञांचं पथक आलं, खुंट्या ठोकून वीज सोडून बघितली, चहा पिताना त्यातले एक मला म्हणाले, बाई, फोडलंत ते बरं केलंत. अहवालात त्यांनी लिहिलं, 'निचरा पूर्ववत करण्यात आला'. कुणी केला ते नाही. सगळ्या फाइलीत कर्ता एकाच वाक्यात आहे, माझ्या नोटिशीत: 'आपण शासकीय मालमत्ता फोडली.' मी उत्तरात लिहिलं, होय, मी फोडली. मला त्या फाइलीतलं ते एकमेव शुद्ध मराठी वाक्य वाटतं.

बदली परभणीच्या कार्यालयात झाली, नकाशांच्या खोलीत. रद्द करा म्हणून अर्ज करायला सगळ्यांनी सुचवलं. अर्जात 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर' असं लिहावं लागतं. मी दिलगीर नाही, म्हणून अर्ज केला नाही. खंत एका गोष्टीची आहे. कितीतरी धरणांवरच्या नळ्यांत पोरांनी दगड टाकून त्या बुजल्या आहेत आणि त्या साफ करायला माणूस नाही. आता पाण्याचा दाब स्वतः मोजून मोबाइलवर पाठवणारी यंत्रं आली आहेत. चांगली आहेत, मी त्यांच्या बाजूची आहे. पण आलेला आकडा वाचायला कुणी नेमलेलं नसेल तर त्याचं काय करायचं, हे मी बैठकीत विचारते, आणि बैठक पुढच्या विषयाकडे जाते. मी पुढच्या बैठकीत पुन्हा विचारते.

गेल्या पावसाळ्यात तलाव परत भरला तेव्हा माझ्या जागी आलेल्या अभियंत्यांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या वस्तीतल्या बायका काम करू देत नाहीत."

"कसलं काम?"

"किरकोळ आहे हो. चारीच्या तोंडाशी थोडं प्लास्टर. वरून सांगितलंय. फोटो फिरायलाय पुन्हा."

"मग करू देणार नाहीत."

"ट्रॅक्टरपुढे बसल्यात. भुरभुर चालू आहे, सिमेंट भिजायलंय. तुम्ही जरा समजावून सांगा ना त्यांना."

"त्यांना मी काय सांगणार? त्या तिथे आहेत, मी इथे. तुम्हीच विचारा त्यांना. बूट काढा आणि चारीत उतरा."

फोन चालूच राहिला. पाण्यात पाय टाकल्याचा आवाज आला, मग बायकांचा गलका, कुणीतरी त्यांना हिकडं न्हाई, हिकडं बगा म्हणून ओरडत होतं. मग ते नवे अभियंते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, पाणी तर निवळ आहे."

"मग तुम्हीच ठरवा."

ट्रॅक्टर सुरू झाल्याचं ऐकू आलं. तेवढ्यात फोन कुणीतरी हिसकावून घेतला.

"मॅडम, गयाबाई बोलायले. चाललाय बगा वापस," त्या म्हणाल्या. "तरी आमी सांजपतुर उठत न्हाई."